क्वीन्स क्लबचं गवत आणि तात्याना मारियाचा स्लाइस

जून 2025 मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर 1973 नंतर पहिल्यांदाच महिलांची स्पर्धा झाली. डब्ल्यूटीए 500 दर्जाची (डब्ल्यूटीए म्हणजे महिलांची व्यावसायिक टेनिस मालिका) ही स्पर्धा जिंकली जर्मनीच्या तात्याना मारियाने. वय 37, दोन मुलींची आई, आणि मुख्य फेरीत आली ती पात्रता फेरीतून. तिने लैला फर्नांडेझ, कॅरोलिना मुखोव्हा, एलेना रिबाकिना, मॅडिसन कीज आणि अंतिम फेरीत अमांडा अनिसिमोव्हा (6-3, 6-4) यांना हरवलं. या यादीतल्या पाचही जणी ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत खेळून आलेल्या किंवा पुढे खेळलेल्या, आणि रिबाकिना तर 2022 ची विम्बल्डन विजेती.

‘परीकथा’ हा शब्द तेव्हा सगळीकडे वापरला गेला. मला तो पटत नाही. मारिया जे खेळत होती ते गवतासाठी तंतोतंत बेतलेलं टेनिस होतं, आणि ते तसं का, हे नीट मांडता येतं.

आधी गवताबद्दल. आपण क्रिकेट बघणारी माणसं, ‘चेंडू खाली राहतो’ म्हटलं की लगेच कळतं. टेनिसच्या ग्रासकोर्टवर हेच जवळजवळ प्रत्येक चेंडूला होतं. गवताचं पातं गुळगुळीत आणि थोडं ओलसर असतं, त्यामुळे टप्पा पडताना चेंडूला धरून ठेवणारं घर्षण कमी पडतं आणि त्याचा पुढचा वेग फारसा मोडत नाही. खालची माती मात्र सिमेंटइतकी कडक नसते, ती उसळीतली थोडी ताकद शोषून घेते. म्हणून चेंडू सरपटत, बुटक्या उसळीने येतो. क्ले कोर्टवर याच्या उलट: विटांच्या भुकटीत चेंडू रुततो, वेग मरतो, उसळी खांद्यापर्यंत जाते. क्लेवरची फ्रेंच ओपन संपल्यावर आठवड्याभरात खेळाडूंना या दुसऱ्या टोकाला यावं लागतं.

विम्बल्डनने 2001 पासून संपूर्ण बारमाही राय गवत वापरायला सुरुवात केली (त्याआधी त्यात 30 टक्के फेस्क्यू हे दुसरं गवत असायचं) आणि स्पर्धेच्या काळात ते 8 मिलिमीटरवर कापलं जातं. राय गवत तुडवलेलं जास्त सोसतं आणि त्याखालची माती अधिक घट्ट ठेवता येते. त्यामुळे आजची उसळी 1990 च्या दशकापेक्षा भरवशाची आणि थोडी वर आहे. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेघेवरून, खेळणाऱ्या मुली आज गवतावर टिकतात त्याचं मोठं श्रेय या मातीला आहे. तरीही हार्ड कोर्टच्या मानाने चेंडू खालीच राहतो, आणि मारियाला तेवढा फरक पुरतो.

आता स्लाइस, म्हणजे चेंडूला उलटी फिरकी देणारा, कापल्यासारखा फटका. मारिया आधी दोन हातांनी बॅकहँड मारायची. पहिल्या मुलीच्या जन्मानंतर परत येताना तिने एकहाती बॅकहँड घेतला. तिचा स्लाइस फोरहँडच्या बाजूनेही निघतो, आणि हे आजच्या टूरवर दुर्मीळच आहे.

चांगला स्लाइस कसा बसतो? पकड कॉन्टिनेंटल, म्हणजे हातोडी धरतो तशी. रॅकेट खांद्याच्या उंचीवरून सुरू होते आणि पुढे जात जात खाली येते. ‘पुढे’ हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. रॅकेटचं तोंड किंचित उघडं, मनगट घट्ट, चेंडू शरीराच्या पुढे भेटतो, आणि गुडघे वाकलेले असतात. वजन पुढच्या पायावर. चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि तो जाळीवरून वीतभर अंतरावरून सपाट जातो. असा चेंडू गवतावर पडला की उठतच नाही.

बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच: खेळाडू कोयता घातल्यासारखी वरून खाली छाटते. मग फिरकी भरपूर मिळते पण पुढचा वेग मिळत नाही. चेंडू तरंगत जातो, जाळीजवळच्या चौकोनात (सर्व्हिस बॉक्समध्ये) आखूड पडतो आणि समोरची पुढे येऊन त्याचा समाचार घेते. दुसरी चूक म्हणजे कंबरेतून वाकणं आणि गुडघे सरळच ठेवणं. त्याने रॅकेटचं तोंड जास्त उघडतं आणि चेंडू उंच जातो. हौशी खेळाडूंच्या स्लाइसमध्ये हे दोन दोष हमखास दिसतात, त्यामुळे शिकताना आधी गुडघ्यांकडे बघा, मनगटाकडे नंतर.

समोरच्या खेळाडूची पंचाईत पकडीत आहे. आजच्या बहुतेक जणी फोरहँडला वेस्टर्न किंवा सेमी-वेस्टर्न पकड घेतात. तळहात रॅकेटच्या मुठीखाली जातो. कंबर ते खांदा या पट्ट्यात येणाऱ्या चेंडूला वरची फिरकी द्यायला ही पकड उत्तम. घोट्याजवळच्या चेंडूखाली रॅकेट नेताना मात्र तीच आड येते. रॅकेटचं तोंड जमिनीकडे झुकतं, चेंडू जाळीत जातो. तो वाचवायला खेळाडू मनगटाने उचलते, मग चेंडू आखूड जातो किंवा बाहेर. दोन हातांच्या बॅकहँडला खाली वाकायची मर्यादा असतेच. उंच, जोरकस खेळणाऱ्या मुलींना तर एका रॅलीत पाच-सहा वेळा बैठका मारल्यासारखं होतं. कीज आणि अनिसिमोव्हा दोघींचे फटके मारियापेक्षा कितीतरी जड. पण जोर लावण्यासाठी चेंडू जिथे लागतो तिथे तो येतच नव्हता.

याचा अर्थ वेस्टर्न पकडीने गवतावर जिंकता येत नाही असा नाही. पोलंडच्या इगा श्वियाँतेकने त्याच महिन्यात जर्मनीतल्या बाड होम्बुर्ग या गवतावरच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली, तिथे जेसिका पेगुलाकडून हरली, आणि पुढे विम्बल्डनची अंतिम फेरी अनिसिमोव्हाविरुद्ध 6-0, 6-0 जिंकली. गवतावर सामने मिळाले की पावलं आणि मागचा स्विंग (फटक्याआधी रॅकेट मागे नेणं) आखूड होतो. बाड होम्बुर्गच्या त्या आठवड्याने तिला नेमकं तेच दिलं, असं माझं मत आहे.

सर्व्हिसही त्याच सूत्राची. मारिया उजव्या हाताची. उजव्या बाजूच्या कोर्टातून स्लाइस सर्व्हिस करताना चेंडू किंचित उजवीकडे उडवला की तो वळत, खाली राहत समोरच्या उजव्या हाताच्या खेळाडूच्या फोरहँडबाहेर पळतो. ती कोर्टाबाहेर ओढली जाते आणि पुढचा चेंडू रिकाम्या बाजूला घालता येतो. हे दोन-तीनदा झालं की समोरची एक पाऊल त्या बाजूला सरकून उभी राहते. मग सर्व्हिस सरळ अंगावर. हात मोकळे करायला जागा उरत नाही. बिनतोड सर्व्हिस टाळ्या घेते, पण गवतावर अंगावरची सर्व्हिस मला जास्त हुशारीची वाटते.

परतीच्या फटक्याला उपाय म्हणजे मागचा स्विंग जवळजवळ काढून टाकणं. खांदे वळवायचे, रॅकेट पुढे ठेवायची, चेंडूचाच वेग वापरायचा. आणि चेंडूजवळ जाताना शेवटची पावलं छोटी, जास्त संख्येने. लांब ढांग टाकून थांबायला गेलं की पाय निसटतो.

बुटांचा मुद्दा इथेच येतो. ग्रासकोर्टच्या बुटांच्या तळाला रबराचे बारीक ठिपके असतात, उंची जास्तीत जास्त 2 मिलिमीटर. बोटांच्या पुढची कड गुळगुळीत असावी लागते, नाहीतर घसरताना गवत उपटलं जातं. ठिपके झिजले की पकड गेली. पहिल्या दिवसांत धोका सगळ्यात जास्त, कारण गवत ताजं आणि रसदार असतं, बूट फिरला की पातं चिरडून रस येतो. 2021 च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत सेंटर कोर्टवर सेरेना विल्यम्सचा पाय घसरला आणि तिला सामना सोडावा लागला.

दिवस जातात तसं बेसलाइनच्या मागचं गवत तपकिरी होतं, शेवटी मातीच दिसते. तिथे पाय जास्त धरतो, पण कडेला चेंडू वेडीवाकडी उसळी घेऊ लागतो. पूर्वी सर्व्ह करून जाळीकडे धावणाऱ्यांमुळे मधली वाटही झिजायची. आता जाळीजवळचं गवत शेवटपर्यंत हिरवं राहतं, आणि म्हणून तिथे ड्रॉप शॉट, म्हणजे जाळीलगत हळूच टाकलेला चेंडू, जास्त मरतो. मारियाने ही हिरवी पट्टी मनापासून वापरली.

क्वीन्सवर याच झिजेची चर्चा झाली. महिलांचा आठवडा आधी, 9 ते 15 जून, आणि लगेच त्याच गवतावर पुरुषांचा. पुरुषांच्या स्पर्धेआधी कोर्ट खराब होतील अशी काळजी व्यक्त झाली होती. गवत सांभाळणाऱ्यांच्या हातात अशा वेळी मोजकेच उपाय असतात: सामन्यांच्या कोर्टवर सराव कमी करणं, खेळ संपल्यावर पाणी देणं, पावसाचा थेंब पडताच आच्छादन ओढणं. दोन आठवडे लागोपाठ खेळ झाला, आणि महिलांना त्या मुख्य कोर्टवर पुन्हा जागा मिळाली, याचा मला खरा आनंद आहे. 52 वर्षं ही फार मोठी गैरहजेरी होती.

सामना बघताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चेंडू पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर बदलतात. नवा चेंडू कडक, तो घसरून पळतो. जुना गवताची ओल पिऊन जड होतो आणि स्लाइसला अजून मान खाली घालायला लावतो. संध्याकाळी दव पडायला लागलं की हा फरक वाढतो. आपल्याकडे तेव्हा बरीच रात्र झालेली असते. त्या वेळी जिच्या हातात जुने चेंडू आणि चांगला स्लाइस आहे, तिच्या सर्व्हिस गेमकडे बघा.