पत्राच्या शेवटची ओळ

पणजीत जुन्या पोर्तुगीज कागदांचं भाषांतर करून देणं हे माझं काम. बहुतेक कागद जन्मदाखले, नाहीतर जमिनीचे. गेल्या पावसाळ्यात फोंड्याकडचे एक काका आले, सत्तरी कधीच ओलांडलेले. प्लास्टिकच्या पिशवीत एकच पत्र, आणि त्याचं कुणीतरी आधी करून दिलेलं भाषांतर.

पत्र मार्च १९११ चं, त्यांच्या आजोबांच्या नावे. पडीक जागेच्या मोजणीला मंजुरी दिल्याचं. घरात वाटणीचा वाद पेटलेला, आणि चुलतभावानं दोन आक्षेप काढलेले. जमिनीचं पत्र आरोग्य खातं कसं देईल? आणि तेव्हा पोर्तुगालच्या नव्या सरकारला इंग्लंडनंही मान्यता दिली नव्हती, मग त्याचा कागद धरायचा कशाला?

मूळ पत्र उलगडलं. शाई तपकिरी पडलेली, घडीवर कागद विरलेला, पण सहीच्या वरचे शब्द स्वच्छ होते : 'साऊद ई फ्रातेर्निदाद'. आधीच्या भाषांतरकारानं 'साऊद' म्हणजे आरोग्य एवढंच धरलं आणि त्याचं खातं करून टाकलं! मला खरंच राग आला. अशा एका शब्दापायी माणसाची जमीन जाते. ते खातं नव्हेच, पत्र संपवायची रीत आहे. राजाच्या काळात सरकारी पत्राच्या शेवटी 'देव आपलं रक्षण करो' असायचं. ५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनमध्ये राजेशाही गेली, राजा दुसरा मानुएल इंग्लंडच्या आश्रयाला गेला, आणि प्रजासत्ताकाच्या कचेऱ्या लिहू लागल्या, 'आरोग्य आणि बंधुता'.

दुसऱ्या आक्षेपातल्या तारखा मात्र खऱ्या होत्या. ब्राझीलनं ऑक्टोबर १९१० मध्येच मान्यता दिली. अमेरिका पोर्तुगालची घटना समिती भरेपर्यंत थांबली, १९ जून १९११ पर्यंत. ऑगस्टमध्ये राज्यघटना झाली, मानुएल द आर्रियागा राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा कुठे सप्टेंबरात ब्रिटन. काकांचा चेहरा उतरला.

"काका, देश तोच होता, बदललं ते सरकार," मी म्हटलं. "परक्यांची मान्यता लागते ती वकिलातींना, तहांना. फोंड्यातल्या मोजणीला ती कशाला हवी? आपलंच बघा. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. पोर्तुगालनं ते मान्य केलं ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, तेही मागच्या तारखेपासून. मधल्या तेरा वर्षांतली खरेदीखतं काय खोटी?"

"माझं लग्न अडुसष्टचं," काका म्हणाले. पहिल्यांदाच हसले.

निकाल कोर्ट देईल. मी भाषांतर नव्याने लिहिलं, शेवटच्या ओळीला तळटीप जोडली. राजेशाहीत कॅथलिक हाच राज्याचा धर्म होता. प्रजासत्ताक आलं तेव्हा गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकरीची, शिक्षणाची दारं मोकळी होऊ लागली. हे सांगितलं, तसे काका पत्रावर वाकले.

"म्हणजे बंधुता हे आमच्या आजोबांना लिहिलंय? त्या साहेबानं?"

"हो. त्यांनाच."

"परत वाच बघू."

मी वाचलं. त्यांनी त्या ओळीखाली बोट धरलं होतं, कागदाला न टेकवता.