बारीक तार

गेल्या रविवारी गिटारची पहिली तार तुटली. ही तार तुटताना मोठा आवाज होत नाही. कानाजवळून डास गेल्यासारखे वाटते आणि बोटाखालची जागा एकदम रिकामी होते. कपाटात नव्या तारांचे पाकीट होते, त्यामुळे काम दहा मिनिटांचेच होते. पाकिटावर पहिल्या तारेची जाडी छापलेली होती: इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले नऊ. माझ्यासारख्या हौशी वादकालाही दुकानात जाऊन हव्या त्या जाडीची तार मागता येते, यात आता कोणाला काही विशेष वाटत नाही. मला मात्र तार खुंटीला गुंडाळताना दर वेळी साठ वर्षांपूर्वीची लंडनच्या आसपासची काही पोरे आठवतात, कारण त्यांना ती मागता येत नव्हती.

त्या काळी मिळणारे तारांचे संच जाडजूड असत. तिसऱ्या तारेवर तर धातूचे वेढे दिलेले असत, आणि अशी तार बोटाने आडवी ओढायची म्हणजे बोटाचीच परीक्षा. एरवी त्याने काही बिघडले नसते, पण या पोरांना ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे गाणे-बजावणे, वाजवायचे होते. ब्लूजचा जीव ज्या स्वरात आहे, तो आपल्या कानाने सांगायचा तर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या फटीत उभा असतो. पियानोच्या पट्ट्यांमध्ये त्याला घर नाही. गिटारवर तो तार ओढून मिळवावा लागतो, जशी सतारिया पडद्यावर तार खेचून मींड घेतो तशीच. जाड तारेवर ही मींड अर्ध्या वाटेतच दमते.

बरे, शिकवायला कोणी नव्हते. होत्या त्या तबकड्या, आणि त्याही थोड्या, बहुतेक अमेरिकेतून मागवलेल्या. ऑक्टोबर 1961 मध्ये डार्टफर्डच्या रेल्वे स्थानकावर कीथ रिचर्ड्सची मिक जॅगरशी, म्हणजे पुढे रोलिंग स्टोन्स या बँडमध्ये एकत्र आलेल्या दोघांची, पुन्हा ओळख झाली, ती जॅगरच्या काखेतल्या चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन गायक-वादकांच्या तबकड्यांमुळे. पण तबकडी वादकाचा हात दाखवत नाही आणि तारेची जाडीही सांगत नाही. सुई उचलायची, मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचे आणि तर्क करायचा, असा तो अभ्यास होता. ऑक्टोबर 1962 मध्ये अमेरिकन ब्लूज कलावंतांचा एक ताफा मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये येणार असे कळल्यावर जॅगर, रिचर्ड्स, त्यांचा साथी ब्रायन जोन्स आणि गिटारवादक जिमी पेज लंडनहून तिथवर गेले. टी-बोन वॉकर आणि जॉन ली हूकर त्या रात्री मंचावर होते. इतका प्रवास गाणी ऐकण्यासाठी होताच, पण मला वाटते, त्याहून अधिक तो हात पाहण्यासाठी होता.

तारेचा प्रश्न काहींनी बँजो या दुसऱ्या तंतुवाद्याच्या तारेने सोडवला. बँजोची बारीक तार पहिल्या जागी लावायची, गिटारची पहिली तार दुसऱ्या जागी, दुसरी तिसऱ्या जागी, असे करत सहावी जाडी तार पाकिटातच ठेवून द्यायची. युक्ती त्यांची स्वतःची नव्हे. अमेरिकेत जेम्स बर्टन या गिटारवादकाने ती आधीच वापरली होती. पण तिने तिसऱ्या तारेचे वेढे गेले आणि मींड मोकळी झाली. बारीक तारेचा दोष एकच, की ती तुटते. रिचमंडच्या क्रॉडॅडी क्लबात रोलिंग स्टोन्सच्या जागी आलेल्या यार्डबर्ड्स या बँडमध्ये ऑक्टोबर 1963 पासून गिटारवादक एरिक क्लॅप्टन होता. त्याची तार भर कार्यक्रमात तुटे, तो मंचावरच ती बदलत बसे आणि तेवढा वेळ श्रोते संथ ठेक्यात टाळ्या वाजवत. इंग्लंडात अशा संथ टाळ्या, ‘स्लो हँडक्लॅप’, खोळंबलेला श्रोता वाजवतो. बँडचा व्यवस्थापक जॉर्जिओ गोमेल्स्की याने त्यावरच शब्दखेळ करून त्याला ‘स्लोहँड’ म्हणायला सुरुवात केली. पुढे जगाने त्या नावाचे नाना अर्थ लावले. मला मूळचा अर्थच जास्त आवडतो, कारण त्यात तुटलेली तार आहे.

1965 च्या मार्चमध्ये बँड बाजारू गाण्यांकडे वळला म्हणून क्लॅप्टन बाहेर पडला. त्याची जागा पेजला देऊ केली होती, त्याने मित्राचे, जेफ बेकचे, नाव सुचवले. हे तिघेही लंडनच्या नैर्ऋत्येला थोड्या मैलांच्या अंतरात वाढलेले. बेक आल्यावर थोड्याच दिवसांत ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी एका भारतीय सतारियाला बोलावले गेले. सतारीचा आवाज त्या गाण्यात हवा तसा ठसेना. शेवटी बेकने आवाज खरखरीत करणारी पेटी जोडून ती ओळ गिटारवर काढली, आणि बाजारात तीच आली. तो सतारिया त्या दिवशी घरी जाताना काय म्हणाला असेल, याचे मला कुतूहल आहे. पण बेकची ती ओळ ऐकताना बारीक तारेचे चीज झाले असे वाटते खरे.

तार बारीक झाली की आवाजही बारीक होतो. तो भरून काढण्याचे काम हॅनवेलच्या अक्सब्रिज रोडवर वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने केले. हा मूळचा ड्रमवादक. अमेरिकन फेंडरचा अॅम्प्लिफायर महाग पडतो म्हणून त्याने आणि त्याच्या माणसांनी तसाच एक दुकानात बांधला, पण इथे मिळणारे सुटे भाग वापरल्यामुळे तो थोडा वेगळाच बोलू लागला. मे 1966 मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडबरोबर डेक्का या तबकडी कंपनीच्या स्टुडिओत बसलेल्या क्लॅप्टनकडे मार्शलचाच अॅम्प होता आणि गिब्सनची लेस पॉल गिटार होती, जिचे ते मूळ रूप कंपनीने खप नाही म्हणून काही वर्षांपूर्वी बंद केले होते. मंचावर वाजवतो तेवढ्याच आवाजात इथेही वाजवणार, असा त्याचा हट्ट. ध्वनिमुद्रकांच्या रीतीत हे बसणारे नव्हते, पण ऐकावे लागले. त्या मोठ्या आवाजात तार लवकर विझत नाही. ओढलेला स्वर गळ्यातून आल्यासारखा तोलून धरता येतो. तबकडी जुलैत आली. लवकरच ती गिटार चोरीला गेली, आणि 1968 मध्ये गिब्सनने लेस पॉल पुन्हा बनवायला घेतली.

इथवरचे श्रेय क्लॅप्टनला देऊनही, माझा कान पीटर ग्रीनकडे जातो. क्लॅप्टन गेल्यावर मेयॉलने त्या जागी बसवलेला हा पूर्व लंडनचा मुलगा. 1967 मध्ये मेयॉलला सोडून त्याने नवा बँड काढला आणि त्याला स्वतःचे नाव न देता ड्रमवादक फ्लीटवुड आणि बासवादक मॅकव्ही यांची नावे दिली, आणि मॅकव्ही तर तोवर बँडमध्ये आलाही नव्हता. ग्रीनच्या गिटारमधल्या एका पिकअपचे, म्हणजे तारेचे कंपन टिपणाऱ्या भागाचे, चुंबक उलटे बसले होते, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज नाकात बोलल्यासारखा, थोडा पोकळ येई. दुरुस्त करण्याजोगा दोष होता, पण तो तसाच राहिला. ‘अल्बट्रॉस’ ही त्याची शब्दांवाचूनची रचना 1969 च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्यात वेगाचे कसब जवळजवळ नाहीच. दोन स्वरांमध्ये तो इतका थांबतो की मंद्रसप्तकात रेंगाळणाऱ्या जुन्या गवयांची आठवण व्हावी. 1970 च्या मे महिन्यात त्याने बँड सोडला. मनाचे आजारपण पुढे अनेक वर्षे पुरले, आणि ती गिटार त्याने गॅरी मूर नावाच्या तरुण वादकाला विकून टाकली.

रविवारी नवी तार लावून झाल्यावर मी ‘अल्बट्रॉस’च वाजवायला घेतले. नवी तार पहिला दिवसभर ताणली जाते आणि हळूहळू उतरत राहते. चौथ्या ओळीत पहिला स्वर किंचित खाली आला होता. थांबलो, खुंटी पिळली, पुन्हा सुरुवातीपासून घेतले. सहाव्या ओळीला तो परत उतरला. आतल्या खोलीतून कोणी संथ टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढेच. गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि सोमवारी संध्याकाळी पुन्हा लावू म्हटले.