आंबलेले दात आणि वीस व्हॉल्यूमची बाटली

दिवाळी सरली की लग्नाची तारीख सांगत दात पांढरे करून घ्यायला येणाऱ्यांची रीघ लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलेली ही मुलगी २६ वर्षांची, लग्न जानेवारीच्या सुरुवातीला, सोबत आई. खुर्चीत बसण्याआधीच तिने पर्समधून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली काढली. "मॅडम, हे कापसाने लावलं तर चालेल का? लिंबाने काही फरकच पडेना."

बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलं होतं. म्हणजे साधारण ६ टक्के. ते तसंच कापसाने फासलं तर दाताआधी हिरडी पांढरी पडते आणि सोलते. बाटली बाजूला ठेवली आणि लिंबाची चौकशी केली.

पाच महिने, सकाळ-संध्याकाळ. अर्ध्या लिंबाच्या सालीवर खायचा सोडा घ्यायचा, दोन-तीन मिनिटं दात घासायचे आणि लगेच वर कडक ब्रशने पेस्ट. दात आंबायचे, पण ती म्हणाली, "आंबले म्हणजे साफ होतायत असं वाटायचं."

वरच्या पटाशीच्या दातांवर हवेचा फवारा मारला तशी ती खुर्चीतून उठलीच. चांगलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण पांढरं आवरण, वाळवून उजेडात धरलं तर तरुण माणसाच्या दातावर अगदी बारीक आडव्या रेघा दिसतात. इथे एकही रेघ नव्हती. वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत पृष्ठभाग, आणि दातांच्या कडा इतक्या पातळ की मागे धरलेल्या आरशाची सावली आरपार दिसत होती. हिरडीलगत मात्र इनॅमलची बारीक पांढुरकी किनार शाबूत. साल तिथपर्यंत पोचत नव्हती.

लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५; हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. इनॅमल साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागतं. वर सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून ओढून काढतं, ते वेगळंच. असं मऊ पडलेलं इनॅमल कडक ब्रशने घासलं की निघूनच जातं, आणि ते पुन्हा उगवत नाही. पहिल्या आठवड्यात दात उजळ वाटतात, कारण डाग थरासकट निघतो. पुढे इनॅमलखालचा दाताचा थर, डेंटीन, डोकावू लागतो, आणि तो मुळातच पिवळा असतो. हिच्या दातांत फरक पडत होता, फक्त उलट्या दिशेने.

सोड्याचा यात दोष नाही. खायचा सोडा इनॅमलपेक्षा बराच मऊ आणि किंचित अल्कधर्मी असतो. ओल्या मऊ ब्रशवर चिमूटभर, आठवड्यातून एक-दोनदा, चहाच्या डागांना पुरतो. त्यात लिंबू पिळलं की फसफसतं आणि लोकांना औषध जोरात लागू पडल्यासारखं वाटतं. तो नुसता कार्बन डायऑक्साइड. सोडा लिंबाला मारतो, आणि लिंबू जास्त झालं तर आम्ल शिल्लक राहतंच. कोळशाच्या पावडरीबद्दलही विचारणा झाली. ती खरखरीत असते आणि बहुतेकींत फ्लोराइड नसतं. मशेरीचा प्रश्न या घरात नव्हता. मशेरीने दात काळे पडतात ते पडतातच, पण तो तंबाखू आहे आणि तोंडाच्या कर्करोगाकडे नेतो.

आई म्हणाली, "अगं बाई, लिंबाचं मीच सांगितलं होतं."

"काकू, निम्मा पिवळेपणा तर चहाचा आहे," असं म्हणून खालच्या दातांच्या आतलं किटण आरशात दाखवलं. ते त्याच दिवशी स्केलिंगने, म्हणजे यंत्राने खरवडून, काढलं. उरलेला रंग डागाचा नव्हता, दाताचा होता. फ्लोरोसिसचे, म्हणजे लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने पडणारे, पांढरे-तपकिरी पट्टे नव्हते, मार लागून एकटाच काळवंडलेला दातही नव्हता. असता तर आधी एक्स-रे काढावा लागला असता. शेड गाइडवर, म्हणजे दाताचा रंग ताडून बघायच्या पट्टीवर, पटाशीचे दात ए ३ आणि सुळे ए ३.५ निघाले; ए १ सर्वांत उजळ, आकडा वाढेल तसा रंग गडद.

ब्लीचिंगला त्या दिवशी साफ नाही म्हटलं. दातांना बळकटी देणारा लेप, फ्लोराइड वार्निश, लावला. दोन आठवडे लिंबू बंद, मऊ ब्रश, सणक कमी करणारं ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइड असलेली पेस्ट. आंबट खाल्लं तर लगेच ब्रश करायचा नाही; पेलाभर पाण्यात अर्धा चमचा सोडा टाकून चुळा भरायच्या आणि तासाभराने घासायचं.

दोन आठवड्यांनी हवेचा फवारा तिला सोसला. मग माप घेऊन दातांवर बसणारे पातळ, मऊ ट्रे बनवले आणि १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल दिलं. हे साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडइतकं पडतं. १९८९ पासून वापरात असलेली ही पद्धत घरच्या घरी चालते आणि खुर्चीत बसून करायच्या ब्लीचिंगपेक्षा बरीच स्वस्तही पडते. रात्री दात घासून प्रत्येक दाताच्या घरात तांदळाच्या दाण्याएवढं जेल ठेवायचं, ट्रे बसवला की बाहेर आलेलं बोटाने पुसायचं आणि झोपायचं. सहा ते आठ तास. सकाळी ट्रे गार पाण्याने धुवायचा, गरम पाण्याने तो वाकडा होतो. हिला रोज न देता एक रात्र सोडून दिलं.

तिसऱ्या वेळेला "जास्त घातलं तर लवकर होईल" म्हणून तिने ट्रे भरभरून लावला. सकाळी हिरडीवर पांढरा चट्टा आणि आग. दोन दिवसांत तो बसला. थंड पाण्याची सणक जायची, तेव्हा जेलऐवजी तीच नायट्रेटची पेस्ट ट्रेमध्ये घालून वीस मिनिटं लावायला सांगितलं. आमटीतल्या हळदीची तिला फार धास्ती होती. ट्रे काढल्यावर लगेच चहा नको, एवढंच पाळायला सांगितलं, आणि तिला नेमकं तेच जड गेलं.

तीन आठवड्यांनी पटाशीचे दात ए २, सुळे ए ३. ए १ मिळालं नाही. मागून डेंटीन इतकं जवळ आलं असताना त्याचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या दातात पूर्वी भरलेलं सिमेंट (फिलिंग) मात्र होतं तसंच पिवळं, आता उठून दिसू लागलेलं. जेल सिमेंटचा किंवा कॅपचा रंग बदलत नाही. तिला ते त्याच दिवशी बदलून हवं होतं. पण ब्लीचिंगनंतर दातात ऑक्सिजन शिल्लक असतो आणि नवं सिमेंट नीट चिकटत नाही, म्हणून आणखी दोन आठवडे थांबवलं. डिसेंबरच्या शेवटी, हळदीला आठ दिवस असताना, ते ए २ मध्ये भरून दिलं. वीस व्हॉल्यूमची बाटली अजून न उघडलेली, दवाखान्याच्या फडताळात आहे.