शियामेनहून आलेली चाके

गेल्या वर्षभरात निदान दहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: चीनमधून थेट मागवलेली स्वस्त कार्बनची चाके घ्यावीत का? प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगत बसण्यापेक्षा, ती चाके पंधरा महिने आणि सुमारे ६,८०० किलोमीटर चालवल्यानंतर बनलेले मत एकदाच नीट लिहून ठेवतो. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याजवळच्या वेगळ्या चकतीला धरणारे) आहेत, हे आधीच नमूद करतो, कारण रिम ब्रेक, म्हणजे थेट रिमला, चाकाच्या बाहेरच्या कड्याला, दाबणारे ब्रेक असते तर माझे उत्तर ‘नको’ एवढेच राहिले असते.

त्याचे कारण सिंहगडाच्या उतारावर सहज समजते. गोळेवाडीपासून वाहनतळापर्यंत सुमारे ९ किलोमीटरचा रस्ता आणि सुमारे ६०० मीटरची चढाई आहे. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८३ किलो वजन भरते. एवढे वजन ६०० मीटर खाली आणताना साधारण ४९० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. घरातले दीड लिटर पाणी तेवढ्या ऊर्जेत उकळेल. काही भाग वारा खातो, पण अरुंद वळणांवर समोरून जीप वर येत असताना उरलेली सगळी ब्रेकमध्येच जाते. ॲल्युमिनियमची रिम ही उष्णता चटकन पसरवते आणि हवेत सोडून देते. कार्बनचे धागे ज्या इपॉक्सी राळेत बसवलेले असतात ती राळ मात्र ठरावीक तापमानापुढे मऊ पडते, आणि आतून टायरचा दाब असल्यामुळे रिमची कड बाहेर फुगू लागते. अधिक तापमान सोसणारी राळ मिळते, पण ती महाग असते, आणि स्वस्त रिममध्ये नेमकी कोणती वापरली आहे हे बाहेरून कळण्याचा काही मार्ग नाही. शिवाय भर पावसात अशा रिमवर ब्रेक उशिरा लागतो, तो वेगळाच.

डिस्क ब्रेकवाल्यांना ही चिंता नाही, म्हणून त्यांच्यापुरते पुढे लिहितो. फुजियान प्रांतातले शियामेन हे या धंद्याचे मोठे केंद्र आहे, आणि युरोप-अमेरिकेतल्या नामांकित शिक्क्यांखाली विकल्या जाणाऱ्या अनेक रिमही चीन-तैवानमध्येच घडतात. त्यामुळे ‘चिनी’ म्हणजे टाकाऊ हे समीकरण मला पटत नाही. स्वतःच्या नावाने, पत्ता देऊन विकणारा कारखाना आणि दुसऱ्याच्या नावाचे स्टिकर चिकटवून विकणारा भामटा यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे. अशा भामट्याकडून चाक तर सोडाच, पाण्याची बाटलीसुद्धा घेऊ नये.

अलीएक्स्प्रेस या चिनी खरेदीच्या संकेतस्थळावर २०२० च्या नोव्हेंबरमध्ये भारतात बंदी आली, म्हणून मी कारखान्याच्या संकेतस्थळावरूनच ऑर्डर नोंदवली. ४५ मिलिमीटर खोल रिमच्या चाकांची जोडी वाहतुकीसह ४१,००० रुपयांना पडली. त्यानंतर कुरिअर कंपनीने केवायसीची कागदपत्रे मागितली आणि सीमाशुल्क, त्यावरचा समाजकल्याण अधिभार, जीएसटी आणि स्वतःचा हाताळणी आकार असे मिळून आणखी १६,००० रुपयांचे बिल पाठवले. शुल्काची आकारणी वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून होते, हे बहुतेकांच्या हिशोबातून निसटते. म्हणजे ‘चाळीस हजारांची चाके’ घरी येईपर्यंत सत्तावन्न हजारांची झाली होती.

खोके उघडल्यावर बॅगा तोलायच्या काट्याला चाके टांगली. दोन्ही मिळून १,४५५ ग्रॅम भरली. संकेतस्थळावर १,४०० लिहिले होते. सायकलीबरोबर आलेली जुनी चाके १,९१० ग्रॅमची होती, म्हणजे ४५५ ग्रॅम वाचले. आता हे ४५५ ग्रॅम ८३ किलोंच्या तुलनेत अर्धा टक्का आणि वर थोडे. सिंहगड चढायला मला ५५ मिनिटे लागतात. त्यात सतरा-अठरा सेकंदांचा फरक पडायला हवा, आणि माझ्या नोंदींत तो झोपेच्या आणि उन्हाच्या फरकात हरवून जातो. फिरत्या भागाचे वजन दुप्पट मोजावे असे जे सांगतात, ते फक्त वेग वाढवताना खरे असते. घाटात एकाच लयीत चढणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. खोल रिममुळे कमी होणाऱ्या हवेच्या रोधाचेही तसेच आहे. त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ४० किलोमीटरला जिथे १० वॅट वाचतात, तिथे ताशी ३० ला चारच वाचतात, आणि आमचा रविवारचा गट चहापूर्वीसुद्धा तिशीच्या फार पुढे जात नाही. चाकांचा आवाज मात्र सुरेख येतो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

पहिल्या ३०० किलोमीटरांतच उभे राहून चढताना मागच्या चाकातून ‘टिक्’ असा आवाज येऊ लागला. पेठेतल्या आमच्या सायकलवाल्या काकांकडे चाक नेले. त्यांनी ते स्टँडला लावले, फिरवून पाहिले आणि मग तंबोरा जुळवावा तसा एकेक स्पोक नखाने छेडत गेले. मागच्या चाकात कॅसेटच्या, म्हणजे गिअरच्या दातेरी कड्यांच्या, बाजूचे स्पोक दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त ताणलेले असतात, ते ठीकच आहे; पण एकाच बाजूचे स्पोक वेगवेगळ्या सुरांत बोलत होते. ‘अहो, रिम चांगली आहे, पण चाक कोणीतरी घाईघाईत बांधलंय,’ काका म्हणाले. त्यांनी पाऊण तास बसून ताण सारखा केला, आऊट, म्हणजे चाकाची डुगडुग, काढला आणि २५० रुपये घेतले. तो आवाज त्यानंतर आला नाही.

माझ्या मते खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. कार्बनने मला या पंधरा महिन्यांत काहीही त्रास दिलेला नाही. जो त्रास झाला तो सगळा हबने, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याने, आणि बांधणीने दिला. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या हबचे बेअरिंग खरखरू लागले. सुदैवाने ते ६९०२ या प्रमाण मापाचे, म्हणजे १५ × २८ × ७ मिलिमीटरचे होते, त्यामुळे बेअरिंगच्या साध्या दुकानात मिळाले. आठव्या महिन्यात कॅसेट काढायला गेलो तर ती निघेचना. फ्रीहबचे, म्हणजे हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्याचे, ॲल्युमिनियम इतके मऊ होते की कॅसेटच्या कड्यांनी त्यात खाचा पाडल्या होत्या. काकांना लाकडाचा ठोकळा लावून एकेक कडे ठोकून काढावे लागले. नवा फ्रीहब भारतात कुठेच मिळाला नाही, तो पुन्हा तिकडूनच मागवला. हीच रिम नोव्हाटेक किंवा डीटी स्विस या कंपन्यांच्या हबवर बांधून घेण्याचा पर्याय ऑर्डर देताना उपलब्ध होता, आणि वाचवलेले सात-आठ हजार मला तेव्हा शहाणपणाचे वाटले होते.

खड्ड्यांची भीतीही अनाठायी नाही. ॲल्युमिनियमच्या रिमला पोचा पडला तर तो डोळ्यांना दिसतो. कार्बनच्या आतले थर सुटले तर वरून काहीच कळत नाही. भोरच्या रस्त्यावर पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचे चाक धाडकन आपटल्यानंतर मी दोन रुपयांचे नाणे घेऊन पूर्ण रिमवर टकटक करत फिरलो. सगळीकडे सारखाच टणक आवाज आला, एखाद्या ठिकाणी बद्द आला असता तर चाक बाजूला ठेवावे लागले असते. एका मित्राच्या रिमला स्पोकच्या छिद्रापासून चीर गेली. विक्रेत्याने वॉरंटी मान्य केली, पण वाहतूक आणि शुल्क मित्राच्याच माथी मारले. नव्या रिमच्या निम्मी रक्कम त्यातच गेली.

आणखी एक गोष्ट. यातल्या बऱ्याच रिम हुकलेस असतात, म्हणजे टायर धरून ठेवणारी आतली कड त्यांना नसते. अशा रिमवर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयपेक्षा जास्त हवा भरता येत नाही आणि टायरही त्यासाठी मान्य केलेलाच लागतो. आपल्याकडे डोळे मिटून १०० पीएसआय भरणाऱ्यांची संख्या पाहता, ऑर्डर देण्यापूर्वी हे तपासलेच पाहिजे.

तर, घ्यावीत का? सायकलीबरोबर आलेले टायर अजून बदलले नसतील तर आधी २८ मिलिमीटरचे उत्तम टायर घ्या; चाकांच्या तुलनेत किरकोळ खर्चात जास्त फरक जाणवेल. ते झाले असेल, डिस्क ब्रेक असतील, चांगल्या हबसाठी वरचे पैसे मोजायची तयारी असेल आणि जवळ स्पोक छेडून पाहणारे कोणी काका असतील, तर जरूर घ्या. मी स्वतः पुन्हा घेईन, हब बदलून. तूर्त जून लागला आहे, त्यामुळे जुनी चाके माळ्यावरून खाली उतरली आहेत आणि कार्बनची जोडी सप्टेंबरपर्यंत तिथे लटकणार आहे.