समीकरणात अपूर्णांक आला की मूल का अडतं?

"बाकीचं गणित येतं हो त्याला, पण समीकरणात अपूर्णांक आला की पेन खाली ठेवतो. काय करावं?" सांगलीत सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर परीक्षेआधी येतो. परवा भाजी घेताना तुम्हीही विचारलंत आणि मी घाईत "सराव करून घ्या" म्हणाले. ते उत्तर बरोबर नव्हतं.

आधी त्याला विचारा, १/२ अधिक १/३ किती? अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून तो २/५ म्हणाला, तर समीकरणाची वही मिटा आणि भाकरी घ्या. ताटात अर्धी भाकरी आहे, वर आणखी तिसरा हिस्सा वाढला, तर ताटातली भाकरी वाढेल की कमी होईल? २/५ म्हणजे तर अर्ध्याहूनही कमी. हे त्याचं त्याला खटकलं पाहिजे. मग भाकरीचे सहा सारखे तुकडे करा. अर्धीचे तीन, तिसऱ्या हिश्शाचे दोन, झाले ५/६. पाऊण किलो साखर आणायला बिनधास्त जाणारं पोर वहीतल्या ३/४ ला घाबरतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मार्केट यार्डातलं पोतं घ्या. अर्धी हळद एकाला दिली, तिसरा हिस्सा दुसऱ्याला, उरली ५ किलो. पोत्यात होती किती? ५/६ गेली, १/६ उरली, ती ५ किलो, म्हणजे सगळी ३०. हे तोंडी जमल्यावरच मांडू द्या:

क्ष/२ + क्ष/३ + ५ = क्ष

२ आणि ३ चा लसावि ६. दोन्ही बाजूंना ६ ने गुणलं की छेद जातात: ३क्ष + २क्ष + ३० = ६क्ष, म्हणून क्ष = ३०. मुलं घसरतात ती इथे. पाचाला छेद दिसत नाही, म्हणून त्याला गुणायचं राहतं आणि उत्तर येतं ५. पाच किलोच्या पोत्यातून दोघांना देऊनही पाच किलो उरली? तराजू डोळ्यांसमोर आणायला सांगा. पारड्यातलं बाकी सगळं सहापट केलं आणि पाच किलो तेवढे तसेच ठेवले, तर काटा मध्ये राहील का?

भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'त भुंग्यांचं असंच गणित आहे. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेतच राहिला. बसलेले १४/१५, उरलेला एकटा म्हणजे १/१५, तर थवा १५ चा. हळदीच्या पोत्यानंतर हे दिलं की मुलं क्ष न मांडताही सोडवतात.

रविवारी त्याला घेऊन या. वही नको, भाकरीपासून सुरू करू.