बौद्ध असून इतका राग कसा?

"तुम्ही बौद्ध ना? मग तुम्हाला एवढा राग कसा येतो हो?"

स्टाफरूममध्ये विचारून झालं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये झालं, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी मी आ वासून खुर्चीत पडलेली असताना विचारलं. सूर बहुतेक वेळा प्रेमळ असतो. त्या प्रेमळपणाचाच मला जास्त राग येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुमची फसगत व्हायला नको.

विचारणाऱ्यांना एक गोष्ट हमखास माहीत असते. राजगृहात एक ब्राह्मण बुद्धांसमोर येऊन शिव्या देतो. बुद्ध विचारतात, तुझ्याकडे पाहुणे येतात का? येतात. वाढलेलं त्यांनी घेतलं नाही तर ते कोणाचं? माझंच. मग या शिव्या मी घेतल्या नाहीत, त्या तुझ्याच राहिल्या. दर बुद्धपौर्णिमेला ही गोष्ट उगवत्या सूर्याच्या फोटोवर छापून माझ्या मोबाइलवर येते. गोष्ट खरी आहे, संयुक्त निकाय या पाली ग्रंथातली आहे, आणि माझ्याकडे ती ऐकवायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की मी ती पहिल्यांदाच ऐकतेय.

मी ती लहानपणी आमच्या विहारात ऐकली. भंतेजींनी आम्हा पोरांना विचारलं, "सांगा, जेवण कुणाकडे राहिलं?" सगळी ओरडली, "ज्यानं वाढलं त्याच्याकडे!" मी ओरडले नाही. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घरातलं पातेलं आलं.

आई परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात अंगणवाडीची मदतनीस होती. घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, झाडायचं, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची. तिच्या आधी शिजवणारी बाई गावातली होती. आई वस्तीतली. पहिल्या दिवशी तिनं पातेलं उतरवलं, पोरं ताटल्या घेऊन रांगेत बसली, आणि दारात दोन आज्या येऊन उभ्या राहिल्या. नातवंडांना बखोटीला धरून उठवलं. भांडण नाही, आवाज नाही. त्यातली एक जाता जाता आईला म्हणाली, "तुज्यावर राग न्हाई बाई, पर आमच्यात चालत न्हाई." किती शांत बाई! आजच्या स्टाफरूममध्ये तिचं कौतुक झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं घरून डबे आणायला लागली. काही तर डबाही न आणता नुसती बसून राहायची, कारण घरी सकाळी काही झालेलं नसायचं. ती आमच्या पोरांच्या ताटल्यांकडे बघत बसत. आई त्यांना विचारायची, "घेतोस का रं थोडी?" पोरगं आधी दाराकडे बघायचं, मग मान हलवायचं.

शिजवायचं प्रमाण पटावर ठरलेलं. तेवढी शिजायची, अर्धी उरायची. उरलेली आई झाकून घरी आणायची आणि रात्री आम्ही ती खायचो. मला ती खिचडी फार आवडायची. तेल कमी, डाळ पातळ, तरी आवडायची. मी एकदा विचारलंही, रोज एवढी कशी उरते? आई म्हणाली, "त्यास्नी भूक नव्हती." मी विश्वास ठेवला. शाळेत एका मुलीनं मला खरं कारण सांगितलं, तेही चिडवायला नाही, आपलं सहज, आज गुरुवार आहे असं सांगावं तसं. त्या रात्री मी ताट सरकवलं. आईनं ते परत माझ्यापुढे ओढलं आणि म्हणाली, "जेव. खिचडीनं काय केलंय?"

काही दिवसांनी सुपरवायझर बाई आल्या. चांगल्या होत्या, आईला खुर्ची दिली. म्हणाल्या, "वाद कशाला? तुम्ही झाडलोट बघा, शिजवायचं दुसरं कुणी बघेल. आपल्याला शांततेत मिटवायचंय." आई "बरं" म्हणाली. रोजगार गेला नाही, कुणाला मार बसला नाही, पेपरात काही आलं नाही. मिटलं. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले धम्म ऐकण्याचे तीन महिने, चालू होता. संध्याकाळी ती नेहमीसारखी पांढरी साडी नेसून विहारात ग्रंथवाचनाला गेली.

तर शिवी नाही घेतली की ती देणाऱ्याकडे राहते, हे मला मान्य आहे. आम्ही दिलं होतं अन्न. ते घेतलं गेलं नाही आणि नियमाप्रमाणे आमच्याकडेच राहिलं, रोज रात्री. हे पातेलं या गोष्टीत कुठे ठेवायचं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता दुसरी बाजू, कारण मी इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊनही आलेय. पहाटे चारची घंटा, दहा दिवसांतले जवळजवळ सगळे मौनात, आधी नुसता श्वास, चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत राहायचं. एका बैठकीत ते पातेलं वर आलं. घसा जळायला लागला, कानशिलं तापली. शिकवल्याप्रमाणे मी नुसतं बघत राहिले, आणि जळणं खरोखर विरत गेलं. हे मी नाकारणार नाही. जे लोक हे सगळं थोतांड म्हणून उडवून लावतात त्यांच्याशीही माझं भांडण होतं (हो, तिथेही).

घरी येऊन मी आईला म्हणाले, "आई, आता सोडून दे ते." ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सोडायला माझ्या हातात काय दिलं होतं त्यांनी?" तेव्हा मला वाटलं, आईची साधना कमी पडतेय. पुढे बरीच वर्षं मी शांत होते, आणि लोकांना मी फार आवडत होते. कुणी काही बोललं तर मी श्वासाकडे जायची. ती तेव्हाची शांत मी आज समोर आली तर म्हणेल, तू ती खिचडी मिरवतेस, दर वादात ताट पुढे करतेस. तिचं म्हणणं पूर्ण चूक आहे असं मला म्हणवत नाही. पण ती शांत असताना स्टाफरूममध्ये जे जे बोललं गेलं, ते तिनं ऐकून घेतलं आणि बोलणाऱ्यांना वाटलं, चालतं.

मज्झिम निकायात श्रावस्तीच्या वैदेहिकेची कथा आहे. ही मात्र मला कुणीच पाठवत नाही. वैदेहिका गावभर शांत, सौम्य म्हणून प्रसिद्ध. तिची दासी काली कामात चोख. कालीच्या मनात येतं, बाईंना राग नाहीच, की माझं काम चोख आहे म्हणून तो दिसत नाही? ती मुद्दाम उशिरा उठते. बाईंच्या कपाळावर आठी. पुन्हा उशीर, बोलणी. तिसऱ्यांदा बाई दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घालतात. रक्ताळलेल्या डोक्यानं काली शेजाऱ्यांना हाका मारते, बघा तुमच्या शांत बाईंचं काम! मला राग का येतो असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी मनात विचारते, तुमची काली कोण? आणि ती रोज किती वाजता उठते?

पण अर्धंच सुत्त, म्हणजे बुद्धांचा अर्धाच उपदेश, सांगून मी सुटू शकत नाही. त्याच सुत्तात पुढे बुद्ध भिक्खूंना सांगतात, चोरांनी दोन मुठींच्या करवतीनं तुमचे अवयव कापले तरी ज्याचं मन दूषित होईल तो माझी शिकवण पाळणारा नव्हे. इथे मी अडकते. वाचते, पुस्तक मिटते.

मला त्यातल्या त्यात झेपतं ते धम्मपदातलं, उसळलेला राग जो भरकटलेल्या रथासारखा आवरतो तोच सारथी, बाकीचे नुसते लगाम धरून बसलेले. मला महाड आठवतं. 20 मार्च 1927ला तळ्याचं पाणी प्यायल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली, आणि बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही. त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली. मग तळ्याचा दावा 1937पर्यंत, हायकोर्टात निकाल लागेपर्यंत लढवला. त्या दहा वर्षांत राग कुठे होता? गेला असता तर दावा कोणी चालवला असता? वकील मंडळी म्हणतील, दावा चालवायला राग लागत नाही, चिकाटी लागते. असेल.

एवढं बोलल्यावर हेही कबूल करायला हवं की माझा सगळा राग त्या पातेल्यातून येत नाही. दूध उतू गेलं की मी मुलावर खेकसते, तेव्हा माझ्या बाजूनं ना महाड असतं ना आई. पाण्यावरची रेघ, मातीवरची रेघ, दगडावरची रेघ अशी रागाची तीन प्रकारची माणसं बुद्धांनी सांगितली आहेत; मी एका दिवसात तिन्ही होते. उपाशी असले तर दुपारी दोनच्या आतच.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांसाठी पुन्हा अर्ज भरलाय. आईला म्हणाले, राग घालवायला नाही चालले. ती म्हणाली, "मग कशाला चाललीस?" मी म्हणाले, आल्यावर सांगते. "मागच्या बारीलाबी असंच म्हनली होतीस," ती म्हणाली, आणि तिकिटाला किती पडतील ते विचारलं.