ओटीपी सांगता का सर?

दर महिन्याच्या २० तारखेला आमच्या मालकांना माझा एक फोन जातो. जीएसटीचं ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरून तयार असतं, कराचं चलन भरलेलं असतं, फक्त त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी हवा असतो. "सर, ओटीपी सांगता का?" ते सहा आकडे सांगतात, मी "झालं सर" म्हणते, फोन बंद. महिनाभरात आमच्यात एवढंच काय ते बोलणं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

भोसरी एमआयडीसीतल्या एका भागीदारी फर्ममध्ये मी अकाउंट्स बघते. प्रेस पार्टचं काम, साठेक माणसं. सप्टेंबर २०१५ मध्ये लागले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा एकेका पार्टाचा एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा नंबर, शोधून टॅलीत टाकण्यात माझे सलग तीन गुरुवार गेले. (आमच्याकडे सुट्टी गुरुवारी असते. दहा वर्षं होत आली तरी माहेरचे रविवारीच 'आज काय, घरीच ना?' म्हणून फोन करतात.) पुढे त्याच पहिल्या वर्षाच्या क्रेडिटवर, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीवर, नोटीस आली, ६ लाख ४० हजारांची. मी नऊ दिवस बसून बिलं जुळवली, सप्लायरांच्या मागे लागून पत्रं आणली, आणि मागणी रद्द झाली. सीएंच्या ऑफिसला पाच किलो पेढे गेले. त्याचं व्हाउचर मीच केलं.

अकाउंट्सवाल्या माणसाला अपमानसुद्धा व्हाउचरमधूनच कळतो. यंदाच्या दिवाळीनंतर एका हॉटेलचं बिल आलं, सोबत पाहुण्यांची यादी: डिपार्टमेंटचे हेड, कुटुंबासह. प्रॉडक्शन होतं, क्वालिटी होती, स्टोअर होतं. अकाउंट्सपुढे मालकांच्या पुतण्याचं नाव, जो ऑगस्टमध्ये लागला. मी बिल दोनदा तपासलं, बेरीज बरोबर होती, आणि 'स्टाफ वेल्फेअर' खात्याला टाकून दिलं.

पुतण्याचा पगार ६५ हजार. माझा ३८. हे मला कुणी कानात सांगितलेलं नाही, दोन्ही मीच बँकेत चढवते. पोरगा वाईट नाही. "मॅडम, मला २बी आणि ३बीतला फरक अजून कळत नाही" असं तोंडावर कबूल करतो. २बी म्हणजे मिळणाऱ्या क्रेडिटची यादी, ३बी म्हणजे आपण भरायचं रिटर्न, असं मी शिकवते. त्याच्यावर राग धरायचा खूप प्रयत्न केला, जमला नाही.

डिसेंबरात पगाराचं बोलायला केबिनमध्ये गेले. सर हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर घरच्याच. घरच्या माणसाशी काय हिशोब करायचा?" दीड हजार वाढले. हिशोब करण्याचाच पगार घेणाऱ्या बाईला हे वाक्य ऐकून हसावं की रडावं कळेना. मी "थँक्यू सर" म्हणून बाहेर आले. ते 'थँक्यू' अजून खुपतं.

पण सगळा दोष त्यांच्यावर ढकलला तर तोही खोटा जमाखर्च होईल. मला ते 'घरच्या' आवडायचं. कपाटाची किल्ली माझ्याकडे, चेकबुक माझ्याकडे. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन दिवस बारामतीला होते, तर ऑफिसचे अकरा फोन आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी मावशीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते. "बाई गं, तुझ्यावाचून पान हलत नाही तिथं!" मावशी म्हणाली आणि मी चक्क सुखावले. पगारवाढीला मात्र हे पान आपोआप हलतं.

चाकणच्या एका कंपनीतून नोव्हेंबरातच विचारणा झाली होती. ४७ हजार, रविवारची सुट्टी. लेक सातवीत आहे. तिची सुट्टी रविवारी, माझी गुरुवारी. सणवार सोडले तर आम्ही दोघी एक अख्खा दिवस घरी असल्याचं आठवत नाही. तरी मी कारणं काढत राहिले. चाकणचं ट्रॅफिक (हे कारण खरं आहे, तळेगाव चौकात अडकलेल्यालाच विचारा). नवीन माणसं. आई म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. नवऱ्याला मी महिनाभर सांगत होते, "पेन्शनला दहा वर्षं लागतात, माझी नऊच झालीत." साफ लबाडी. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून पीएफ ट्रान्सफर केला की नोकरीची वर्षं पुढे जोडली जातात. शॉपफ्लोअरवरच्या पोरांना 'पैसे काढू नका रे, ट्रान्सफर करा' असं दर वेळी मीच ओरडून सांगते.

मग एका गुरुवारी भाजी निवडून झाल्यावर वही घेतली. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम: बेसिक पगार १९,५००, भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला ११,२५०. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर भरले की ते पूर्ण वर्ष धरतात. मार्च सुरू झाला की माझे साडेनऊ ओलांडतात, दहा वर्षांचे १,१२,५०० होतात. नोटीस दोन महिन्यांची. जानेवारीच्या २० तारखेला दिली तर मार्चच्या २० पर्यंत. फेब्रुवारीचं ३बीसुद्धा भरून होतं. वहीत सगळं इतकं सरळ जुळलं की मलाच लाज वाटली, तीन महिने मी नक्की कशाला भीत होते?

२० तारखेला संध्याकाळी नेहमीसारखा फोन लावला. ओटीपी आला, फाइल झालं. "सर, दोन मिनिटं बोलायचं होतं."

"उद्या बघू मॅडम, गाडीत आहे."

फोन बंद. पत्र ड्रॉवरमध्ये आठवडाभर तयार होतं, तारीख तेवढी कोरी. ती पेनाने घातली. मग आलेल्या पत्रांची नोंद करायचं इनवर्ड रजिस्टर काढलं, तेही माझ्याच अक्षरातलं. शिक्का मारला, नंबर टाकला. विषय: राजीनामा. 'कोणाकडून' या रकान्यात माझं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांकडून आलेल्या आडनावासकट, आणि पत्र सरांच्या ट्रेमध्ये कुरिअरच्या बिलांवर ठेवलं.